णारा, लेला, आयचा: इंग्रजी रिलेटिव्ह क्लॉज जोडायचा कसा आणि छाटायचा कुठे

‘जो माणूस वरच्या मजल्यावर राहतो तो डॉक्टर आहे’ असं मराठीत सहसा कोणी बोलत नाही. ‘वरच्या मजल्यावर राहणारा माणूस डॉक्टर आहे’ असंच आपण म्हणतो. ‘जे पत्र काल लिहिलं ते’ म्हणण्याऐवजी ‘काल लिहिलेलं पत्र’ म्हणतो आणि ‘जी कामं करायची आहेत ती’ म्हणण्याऐवजी ‘करायची कामं’. जो-तो घालून लांबलचक उपवाक्य करण्यापेक्षा क्रियापदाला णारा, लेला किंवा आयचा जोडून मोकळं व्हायचं, ही सवय आपल्याला बोलायला लागल्यापासूनची आहे. इंग्रजीतला रिलेटिव्ह क्लॉज, म्हणजे नामाबद्दल सांगणारं जो-तोसारखं उपवाक्य, छाटणं हे जवळजवळ हेच काम. तरीही इंग्रजी लिहायला बसलं की आपण पानभर ‘हू इज’, ‘विच वॉज’, ‘विच इज’ पेरत जातो. शाळेत क्लॉज जोडायला शिकवतात, कापायचा धडा बहुतेक वेळा राहूनच जातो.

म्हणून इथे आधी पूर्ण क्लॉज नीट बांधू, मग तो कापू. कापताना मराठीचं बोट धरू आणि मराठी जिथे दगा देते तिथे जरा जास्त वेळ थांबू. उदाहरणं मोठ्याने वाचलीत तर बरं, कारण स्वल्पविरामाचा सगळा खेळ कानाला आधी कळतो.

आधी पूर्ण क्लॉज सरळ उभा करा

दोन वाक्यं घ्या:

‘द वुमन इज अ सर्जन.’ ‘शी लिव्ज अपस्टेअर्स.’

दोन्हींत एकाच बाईबद्दल बोलणं चाललंय. दुसऱ्या वाक्यातलं ‘शी’ काढा, त्या जागी ‘हू’ ठेवा आणि तो सगळा तुकडा पहिल्या वाक्यातल्या ‘वुमन’ला लागून बसवा:

‘द वुमन हू लिव्ज अपस्टेअर्स इज अ सर्जन.’

कृती एवढीच. पण यात मराठी माणसाचे तीन पाय हमखास घसरतात.

पहिला ‘तो’चा. ‘ज्या माणसाने काल फोन केला तो माझा काका’ या वाक्यात ‘तो’ लागतोच. त्यामुळे इंग्रजीतही ‘द मॅन हू कॉल्ड यस्टरडे ही इज माय अंकल’ असं निघून जातं. इंग्रजीत ‘ही’ला जागा नाही: ‘द मॅन हू कॉल्ड यस्टरडे इज माय अंकल.’ हीच चूक वस्तूंच्या बाबतीत क्लॉजच्या आत होते: ‘द बुक विच आय बॉट इट’. ‘विच’ हेच तिथलं ‘इट’ आहे, ते दोनदा कशाला?

दुसरा जागेचा. क्लॉज ज्या नामाबद्दल आहे त्याला चिकटून हवा. ‘आय पुट द कप ऑन द टेबल विच वॉज ब्रोकन’ यात कप फुटलाय की टेबल मोडलंय? वाचणारा टेबल मोडलेलं समजणार. कप म्हणायचा असेल तर क्लॉज कपापाशी आणा: ‘आय पुट द कप विच वॉज ब्रोकन ऑन द टेबल.’ ऐकायला जड वाटतं, पण अर्थ जागेवर आला. छाटल्यावर हे ‘द ब्रोकन कप’ इतकं सोपं होणार आहे.

तिसरा प्रिपोझिशनचा, म्हणजे ‘ऑन’, ‘इन’ यांसारख्या शब्दांचा. ‘मी बसलो ती खुर्ची’ म्हणताना मराठीत ‘वर’ कुठेच ऐकू येत नाही, म्हणून ‘द चेअर विच आय सॅट’ असं लिहिलं जातं. इंग्रजीला तो ‘ऑन’ हवाच. ‘द चेअर विच आय सॅट ऑन’ म्हणा किंवा ‘द चेअर ऑन विच आय सॅट’ म्हणा, पण ‘ऑन विच आय सॅट ऑन इट’ नको.

हू, विच, दॅट वगैरे

यावर फार वेळ घालवायला नको. माणसांसाठी ‘हू’, वस्तूंसाठी ‘विच’, आणि स्वल्पविराम नसेल तर दोन्हींसाठी ‘दॅट’ चालतं. ‘हूज’ म्हणजे ज्याचा, जिचा, आणि ते निर्जीव वस्तूंनाही चालतं: ‘अ हाउस हूज रूफ लीक्स’. ‘हूम’ आता बोलण्यातून जवळपास गेलंय. प्रिपोझिशनच्या लगेच नंतर मात्र ते टिकून आहे: ‘द पर्सन टू हूम आय स्पोक’.

दोन ठिकाणी सावध राहा. ‘सगळं जे तो म्हणाला’ डोक्यात ठेवून ‘ऑल व्हॉट ही सेड’ लिहू नका. ‘ऑल दॅट ही सेड’, ‘ऑल ही सेड’ किंवा नुसतं ‘व्हॉट ही सेड’, यांतलं काहीही बरोबर. ‘व्हॉट’च्या पोटात ‘जी गोष्ट’ आधीच आहे, त्यामुळे त्याच्या आधी नाम बसत नाही. उलट ‘द थिंग विच ही सेड’ असं अवघडून लिहिलं असेल तर त्याचं ‘व्हॉट ही सेड’ करा, पहिली छाटणी तिथेच झाली.

दुसरं ‘व्हेअर’. ‘ज्या शहराला मी भेट दिली’ यात जागा आहे, म्हणून हात ‘व्हेअर’कडे जातो. पण ‘व्हिजिट’ हे क्रियापद शहराला थेट ऑब्जेक्ट (कर्म) म्हणून घेतं: ‘आय व्हिजिटेड द टाउन.’ म्हणून ‘द टाउन विच आय व्हिजिटेड’. ‘आय वॉज बॉर्न इन द टाउन’ मध्ये ‘इन’ आहे, म्हणून तिथे ‘द टाउन व्हेअर आय वॉज बॉर्न’. क्लॉज सुटा करून पाहा. त्यात ‘इन’, ‘अ‍ॅट’ लागत असेल तरच ‘व्हेअर’.

स्वल्पविराम ठरवतो, काय कापता येईल

छाटणीला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारायचा: हा क्लॉज काढून टाकला तर कोणाबद्दल बोलतोय ते कळेल का?

‘माय ब्रदर हू लिव्ज अब्रॉड इज अ पायलट.’
‘माय ब्रदर, हू लिव्ज अब्रॉड, इज अ पायलट.’

पहिल्या वाक्यात भाऊ एकाहून जास्त आहेत आणि त्यांतला कोणता ते सांगितलंय: परदेशात राहतो तो. दुसऱ्यात भाऊ एकच, परदेशात राहणं ही जाता जाता दिलेली माहिती. लिहिताना दोन्ही बाजूंना स्वल्पविराम हवेत. पहिला देऊन दुसरा विसरणं ही फार मोठ्या प्रमाणावर होणारी चूक आहे. व्यक्तीचं नाव असेल तर बहुतेक वेळा दुसराच प्रकार, कारण नाव घेतल्यावर ओळख पटलेली असते.

स्वल्पविरामवाल्या क्लॉजमध्ये ‘दॅट’ चालत नाही आणि प्रोनाउन (‘हू’, ‘विच’ वगैरे) नुसतं गाळताही येत नाही. बिनस्वल्पविरामाच्या क्लॉजमध्ये ‘विच’ की ‘दॅट’, यावर बरीच जुनी हमरीतुमरी आहे. इंग्रज कोशकार हेन्री फाउलर यांनी १९२६ साली सुचवलं की ओळख पटवणाऱ्या क्लॉजला ‘दॅट’ आणि जादा माहितीला ‘विच’ ठेवलं तर लिखाण स्वच्छ होईल. अमेरिकी संपादकांनी हे जवळजवळ नियमासारखं उचललं, ब्रिटिश लेखक दोन्ही वापरत राहिले. माझं मत विचाराल तर ‘दॅट’ वापरा. नियमासाठी म्हणून नव्हे, त्यामुळे स्वल्पविराम द्यायचा की नाही याचा विचार आपोआप होतो म्हणून.

पहिली कात्री: नुसतं प्रोनाउन गाळणं

‘हू’, ‘विच’ किंवा ‘दॅट’च्या लगेच नंतर काय येतं ते पाहा. क्रियापद आलं तर ते प्रोनाउन स्वतःच कर्ता आहे, त्याला एकट्याला गाळू नका. नाम किंवा ‘आय’, ‘शी’, ‘दे’ असं काही आलं तर कर्ता दुसरा आहे आणि प्रोनाउन बेलाशक काढता येतं.

‘द बुक दॅट आय बॉट’: ‘दॅट’नंतर ‘आय’, म्हणून ‘द बुक आय बॉट’.
‘द बुक दॅट चेंज्ड माय माइंड’: ‘दॅट’नंतर ‘चेंज्ड’, म्हणून तसंच ठेवा.

प्रिपोझिशन शेवटी नेलंत तर तिथेही गाळता येतं: ‘द चेअर आय सॅट ऑन’, ‘द पीपल वी वर्क विथ’. ‘ऑन विच’, ‘विथ हूम’ असं प्रिपोझिशन पुढे आणलं तर गाळणं बंद, आणि तिथे ‘दॅट’ही चालत नाही. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन येऊ नये असं अनेकांना पढवलेलं असतं. हा आक्षेप कवी जॉन ड्रायडन यांनी १६७२ साली आधीच्या पिढीतल्या बेन जॉन्सन यांच्या लिखाणावर घेतला होता, आणि तेव्हापासून तो भुतासारखा मानेवर बसलाय. बोलण्यात आणि रोजच्या लिखाणात ‘द पीपल वी वर्क विथ’ हेच स्वाभाविक वाटतं. अगदी औपचारिक मजकूर असेल तर ‘विथ हूम’ वापरा.

णारा: आयएनजी लावून छाटणं

आता कर्ता असलेलं प्रोनाउन. ते एकटं जात नाही, पण क्रियापदाचं रूप बदललं तर जातं.

‘द वुमन हू इज स्टँडिंग बाय द डोअर’ यातलं ‘हू इज’ काढा, राहिलं ‘द वुमन स्टँडिंग बाय द डोअर’.
‘पीपल हू लिव्ह निअर एअरपोर्ट्स’ यात ‘इज’ नाहीच, म्हणून ‘हू’ काढून क्रियापदाला आयएनजी लावा: ‘पीपल लिव्हिंग निअर एअरपोर्ट्स’.

म्हणजेच विमानतळाजवळ राहणारी माणसं. मराठीत णारा नामाच्या आधी येतो, इंग्रजीत हा तुकडा नामाच्या नंतर. ‘द निअर एअरपोर्ट्स लिव्हिंग पीपल’ असं कोणी लिहीत नाही, पण ‘द बाय द डोअर वुमन’च्या जातीची वाक्यं घाईत होतात.

इथे एक गंमत आहे. ‘कंटेन’, ‘बिलाँग’, ‘कन्सिस्ट’, ‘नो’ या क्रियापदांना चालू काळात आयएनजी लावू नये असं शिकवतात, आणि ते बरोबरच आहे. ‘धिस बॉक्स इज कंटेनिंग’ चूकच. पण छाटलेल्या क्लॉजमध्ये त्यांना आयएनजी बिनधास्त लागतो: ‘अ बॉक्स कंटेनिंग ओल्ड लेटर्स’, ‘एनीवन नोइंग द आन्सर’. इथला आयएनजी चालू काळ दाखवत नाही, नुसतं णारा आहे.

‘हॅव’ला मात्र आयएनजी लावून ‘अ मॅन हॅविंग अ बिअर्ड’ करू नका. असणं सांगायला इंग्रजीत ‘विथ’ आहे: ‘अ मॅन विथ अ बिअर्ड’. नसणं सांगायला ‘विदाउट’. ‘अ रूम विच डझ नॉट हॅव एनी विंडोज’ या लांबणीचं ‘अ रूम विदाउट विंडोज’ होतं.

आता मर्यादा. णारा आणि आयएनजी यांची जोडी दोन ठिकाणी तुटते.

एकदाच घडून संपलेली कृती असेल तर आयएनजी चालत नाही. ‘खिडकी फोडणारा मुलगा पळून गेला’ हे मराठीत झकास आहे, पण ‘द बॉय ब्रेकिंग द विंडो हॅज रन अवे’ म्हटलं तर तो अजून फोडतोय आणि पळतोयही, असं काहीतरी ऐकू येतं. इथे पूर्णच ठेवा: ‘द बॉय हू ब्रोक द विंडो’. छाटलेल्या क्लॉजला स्वतःचा काळ नसतो, तो मुख्य क्रियापदाचा काळ उधार घेतो. फोडणं आधीचं आणि पळणं नंतरचं असेल तर उधारीने भागत नाही.

दुसरं, पुढे घडणारी गोष्ट. ‘उद्या येणारे पाहुणे’ ठरलेले आहेत, म्हणून ‘द गेस्ट्स कमिंग टुमॉरो’ चालेल. पण ‘जिंकणाऱ्या संघाला बक्षीस’ यात कोण जिंकेल ते ठरलेलं नाही, तिथे ‘द टीम विनिंग’ बसत नाही. ‘द टीम दॅट विन्स’ म्हणा, किंवा सरळ ‘द विनिंग टीम’.

लेला: एक मराठी प्रत्यय, चार इंग्रजी वाटा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे, म्हणून सावकाश जाऊ. बहुतेक मार्गदर्शकांत एक ओळ असते: पॅसिव्ह क्लॉज (ज्यात नाम क्रिया करत नाही, नामावर क्रिया होते) असेल तर ‘विच वॉज’ काढा आणि क्रियापदाचं तिसरं रूप ठेवा. ‘अ लेटर विच वॉज रिटन इन १९३०’ याचं ‘अ लेटर रिटन इन १९३०’. १९३० साली लिहिलेलं पत्र. हे वाचून आपण मनाशी ठरवतो की लेला म्हणजे तिसरं रूप. मग पुढच्या तीन वाक्यांत दोनदा आपटतो.

ही चार वाक्यं पाहा. मराठीत सगळीकडे लेला आहे:

१९३० साली लिहिलेलं पत्र.
मी लिहिलेलं पत्र.
काल आलेली मुलगी.
खुर्चीत बसलेली मुलगी.

पहिल्यात पत्रावर लिहिण्याची क्रिया झाली, आणि लिहिणारा कोण ते महत्त्वाचं नाही. ही तिसऱ्या रूपाची हक्काची जागा: ‘अ लेटर रिटन इन १९३०’.

दुसऱ्यातही क्रिया पत्रावरच झालीय, पण कर्ता ‘मी’ समोर उभा आहे. ‘अ लेटर रिटन बाय मी’ व्याकरणात बसतं, पण न्यायालयात उलटतपासणी चालल्यासारखं वाटतं. इथे पहिली कात्री वापरायची: ‘द लेटर आय रोट’. मी, तू, आम्ही, ते असा सर्वनामाचा कर्ता असला की हाच मार्ग. कर्ता मोठा किंवा नवा असेल तर ‘बाय’ शोभतं: ‘अ लेटर रिटन बाय अ ट्वेल्व्ह-इयर-ओल्ड गर्ल’.

तिसऱ्यात मुलीवर काही झालेलं नाही, येण्याची क्रिया तिनेच केली आणि ती संपली. इंग्रजीत नामानंतर ठेवलेलं तिसरं रूप जवळजवळ नेहमी पॅसिव्ह अर्थाचं असतं, त्यामुळे ‘द गर्ल कम यस्टरडे’ होत नाही. आयएनजीही नाही, कारण कृती संपलेली. म्हणजे छाटणीच नाही: ‘द गर्ल हू केम यस्टरडे’. याच जागी ‘द प्रिझनर एस्केप्ड लास्ट नाइट’ लिहिलंत तर वाचणारा ते पूर्ण वाक्य समजेल: कैदी काल रात्री पळाला. तुम्हाला म्हणायचं होतं पळालेला कैदी, आणि वाक्याचं मुख्य क्रियापद अजून यायचंय. काही मोजकी तिसरी रूपं नामाच्या आधी बसून असा अर्थ देतात: ‘अ रिटायर्ड जज’, ‘फॉलन लीव्ह्ज’, ‘अ‍ॅन एस्केप्ड प्रिझनर’. ती जशी भेटतील तशी लक्षात ठेवा, त्यांच्यावरून नियम करायला जाऊ नका.

चौथं सगळ्यात फसवं. बसण्याची क्रिया झाली आणि ती स्थिती अजून चालू आहे. मराठी त्यासाठी लेला वापरते, इंग्रजी आयएनजी: ‘द गर्ल सिटिंग इन द चेअर’. झोपलेलं बाळ म्हणजे ‘द बेबी स्लीपिंग इन द नेक्स्ट रूम’. लाल शर्ट घातलेला मुलगा म्हणजे ‘द बॉय वेअरिंग अ रेड शर्ट’, आणि ‘वॉर्न’ तर अजिबात नाही. भिंतीला टेकलेला, हातात पिशवी धरलेला, ही सगळी आयएनजीची गिऱ्हाइकं.

लिहिताना म्हणून क्रमाने विचारत जायचं. क्रिया नामावर झाली का? झाली असेल आणि कर्ता सांगायचा नसेल तर तिसरं रूप; कर्ता ‘मी’, ‘तिने’ असा असेल तर प्रोनाउन गाळून पूर्ण क्रियापद. क्रिया नामानेच केली असेल तर ती स्थिती अजून चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर आयएनजी, संपली असेल तर ‘हू’ राहू द्या.

पॅसिव्हमध्ये काळ दाखवायची थोडी सोयही आहे. ‘द ब्रिज बिल्ट हिअर’ म्हणजे बांधलेला पूल, ‘द ब्रिज बीइंग बिल्ट हिअर’ म्हणजे काम चालू असलेला, आणि ‘द ब्रिज टू बी बिल्ट हिअर’ म्हणजे बांधायचा असलेला. तीन शब्दांत तीन काळ.

तिसऱ्या रूपाचा एक धोका मराठीशी संबंधित नाही, खुद्द इंग्रजी बोलणारेही त्यात अडकतात. १९७० साली थॉमस बेव्हर या अभ्यासकाने मांडलेलं एक वाक्य भाषाशास्त्राच्या वर्गात आजही शिकवतात: ‘द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल.’ वाचणारा ‘रेस्ड’ला मुख्य क्रियापद समजतो, घोडा धावत गोठ्यापुढून जातो, आणि शेवटी ‘फेल’ येऊन सगळं कोसळतं. अर्थ होता: गोठ्यापुढून दौडवलेला घोडा पडला. गोंधळाचं कारण एवढंच की ‘रेस्ड’ भूतकाळाचं रूपही आहे आणि तिसरं रूपही. त्या जागी ‘रिडन’ असतं तर कोणी चुकलं नसतं. म्हणून ‘रिटन’, ‘गिव्हन’, ‘टेकन’, ‘स्टोलन’ अशी वेगळी तिसरी रूपं असतील तिथे निर्धास्त कापा. दोन्ही रूपं सारखी असतील आणि वाक्य लांब असेल तर ‘दॅट वॉज’ ठेवण्यात कमीपणा नाही.

आयचा: टू लावून छाटणं

वाचायची पुस्तकं, ‘बुक्स टू रीड’. सही करायचं पत्र, ‘अ लेटर टू साइन’. ‘विच यू मस्ट साइन’ हा सगळा बोजा एका ‘टू’मध्ये मावतो. प्रिपोझिशन इथेही विसरायचं नाही: ‘अ चेअर टू सिट ऑन’, ‘समवन टू टॉक टू’. शेवटचा ‘टू’ दुसऱ्यांदा आलेला पाहून अनेक जण तो चूक समजून खोडतात, पण तो हवाच आहे.

आणि एक सापळा. पहिला, शेवटचा, एकमेव, सर्वांत लहान वगैरे शब्द आले की मराठी णारा वापरते: नोबेल पारितोषिक मिळवणारी पहिली महिला. त्यावरून ‘द फर्स्ट वुमन विनिंग’ लिहू नका. इंग्रजीत अशा शब्दांनंतर ‘टू’ लागतो:

‘मारी क्युरी वॉज द फर्स्ट वुमन टू विन अ नोबेल प्राइझ.’
‘जुंको ताबेई वॉज द फर्स्ट वुमन टू रीच द टॉप ऑफ एव्हरेस्ट.’

क्युरींचं पहिलं पारितोषिक १९०३ सालचं, ताबेईंची चढाई १९७५ सालची, म्हणजे दोन्ही गोष्टी घडून गेलेल्या. तरी ‘टू’ तसाच. ‘द ओन्ली वन टू आन्सर’, ‘द यंगेस्ट प्लेअर टू स्कोअर’ यांचीही रचना तीच.

क्रियापदही उडवता येतं तेव्हा

‘हू इज’ किंवा ‘विच वॉज’ नंतर क्रियापद नसून जागा, विशेषण किंवा नाम आलं असेल तर काहीही न बदलता ते दोन शब्द काढा. ‘द बुक्स विच आर ऑन द टॉप शेल्फ’ याचं ‘द बुक्स ऑन द टॉप शेल्फ’. ‘अ बॅग विच वॉज फुल ऑफ पेपर्स’ याचं ‘अ बॅग फुल ऑफ पेपर्स’. विशेषण एकटं असेल तर ते उचलून नामाच्या आधी ठेवा, ‘द ब्रोकन कप’ सारखं. त्याला शेपूट असेल तर नंतरच राहू द्या: ‘अ कप ब्रोकन इन द मूव्ह’.

काही विशेषणं जागा बदलली की अर्थ बदलतात. ‘द मेंबर्स प्रेझेंट’ म्हणजे हजर असलेले सदस्य, ‘द प्रेझेंट मेंबर्स’ म्हणजे सध्याचे. ‘द पेरेंट्स कन्सर्न्ड’ संबंधित पालक, ‘कन्सर्न्ड पेरेंट्स’ काळजीत पडलेले.

नाम आलं तर स्वल्पविरामांमधला सुटसुटीत तुकडा मिळतो: ‘नील आर्मस्ट्राँग, हू वॉज द फर्स्ट मॅन टू वॉक ऑन द मून’ याचं ‘नील आर्मस्ट्राँग, द फर्स्ट मॅन टू वॉक ऑन द मून,’. ‘हू वॉज’ गेलं तरी दोन्ही स्वल्पविराम जागेवर राहतात.

इथे कात्री खाली ठेवा

‘हूज’चा क्लॉज या पद्धतीने छाटत नाही, फार तर त्याचं ‘विथ’ होतं, ‘अ हाउस हूज रूफ इज रेड’ याचं ‘अ हाउस विथ अ रेड रूफ’. क्लॉजमध्ये ‘मे’, ‘कुड’, ‘मस्ट’ असेल तर ती शक्यता किंवा सक्ती कापल्यावर हरवते: ‘द वुमन हू मे बी अपॉइंटेड’ आणि ‘द वुमन अपॉइंटेड’ यांत एका नेमणुकीचा फरक आहे. आणि छाटल्यावर तुकडा दोघांना लागू पडत असेल तर थांबा. ‘आय मेट माय टीचर वॉकिंग टू द स्टेशन’ यात स्टेशनकडे कोण चाललं होतं? ‘हू वॉज वॉकिंग’ ठेवलं की शंका मिटते.

एक परिच्छेद प्रत्यक्ष कापून पाहू

मुद्दाम फुगवलेला मजकूर:

‘द आयफेल टॉवर, विच वॉज कम्प्लीटेड इन १८८९, वॉज बिल्ट फॉर अ वर्ल्ड्स फेअर विच वॉज हेल्ड इन पॅरिस. द कंपनी विच बिल्ट इट बिलाँग्ड टू गुस्ताव्ह आयफेल, हू वॉज अ‍ॅन इंजिनिअर हू हॅड ऑलरेडी बिल्ट मेनी ब्रिजेस. आर्टिस्ट्स हू लिव्ड इन द सिटी साइन्ड अ लेटर विच प्रोटेस्टेड अगेन्स्ट इट. द टॉवर, विच वॉज ड्यू टू बी टेकन डाउन इन १९०९, वॉज सेव्ह्ड बाय इट्स यूज अ‍ॅज अ रेडिओ अँटेना.’

पहिल्या वाक्यात दोन्ही क्लॉज पॅसिव्ह आहेत आणि कर्ता सांगायचा नाही, म्हणून दोन्हीकडचं ‘विच वॉज’ जातं. ‘हेल्ड’ हे दुहेरी रूप आहे खरं, पण वाक्य त्यानंतर लगेच संपतं, म्हणून धोका नाही.

दुसऱ्यात ‘द कंपनी विच बिल्ट इट’ला हात लावायचा नाही. बांधकाम एकदा होऊन संपलंय, ‘द कंपनी बिल्डिंग इट’ म्हटलं तर टॉवर अजून उभा राहतोय. ‘विच’चं ‘दॅट’ करा आणि पुढे चला. ‘हू वॉज अ‍ॅन इंजिनिअर’ मधलं ‘हू वॉज’ जाईल. त्यामागचं ‘हू हॅड ऑलरेडी बिल्ट’ राहील, कारण ‘हॅड’ने दाखवलेला आधीचा काळ छाटल्यावर टिकत नाही. तिसऱ्यात राहणारे कलाकार आणि निषेध करणारं पत्र, दोन्ही णारा, दोन्हींना आयएनजी. पत्रातला निषेध भूतकाळातला असला तरी पत्र ते म्हणतच राहतं, म्हणून अडचण नाही. शेवटच्यात ‘ड्यू’ विशेषण आहे, ‘विच वॉज’ उडवून मोकळं व्हा.

‘द आयफेल टॉवर, कम्प्लीटेड इन १८८९, वॉज बिल्ट फॉर अ वर्ल्ड्स फेअर हेल्ड इन पॅरिस. द कंपनी दॅट बिल्ट इट बिलाँग्ड टू गुस्ताव्ह आयफेल, अ‍ॅन इंजिनिअर हू हॅड ऑलरेडी बिल्ट मेनी ब्रिजेस. आर्टिस्ट्स लिव्हिंग इन द सिटी साइन्ड अ लेटर प्रोटेस्टिंग अगेन्स्ट इट. द टॉवर, ड्यू टू बी टेकन डाउन इन १९०९, वॉज सेव्ह्ड बाय इट्स यूज अ‍ॅज अ रेडिओ अँटेना.’

उरलेला एक ‘दॅट’ आणि एक ‘हू’ खटकत असतील तर ते जागेवरच आहेत. तिसऱ्या वाक्यात मात्र दोन आयएनजी लागोपाठ आल्याने थोडं खडखडतं. तिथे मी ‘आर्टिस्ट्स लिव्हिंग इन द सिटी’ अजून एकदा कापून ‘आर्टिस्ट्स इन द सिटी’ करेन.